तिसऱ्या उमेदवाराला मत द्यावे का? माहीमच्या एका मतदाराला उत्तर

दादरला राहणाऱ्या एका तरुण मतदार भगिनींनी विचारलेला प्रश्न असा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी माहीम मतदारसंघात आपल्याला पटलेल्या उमेदवाराला मत दिले आणि तो तिसरा आला. घरी काकांनी ऐकवले की, मत फुकट घालवलेस आणि वर नको त्या माणसाला निवडून आणलेस. पुढच्या वेळी पुन्हा मनाला पटेल त्यालाच मत द्यायचे, की निवडून येण्याजोग्या दोघांमधला त्यातल्या त्यात बरा पाहायचा, हे ठरवायचे कसे?

मी बरीच वर्षे मुंबईत निवडणुकीच्या आकड्यांचे काम करतो. मतदार याद्यांची छाननी, बूथनिहाय मतांचे तक्ते आणि मतमोजणीच्या दिवशी उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून जाळीपलीकडे बसून फेरीगणिक बेरजा मांडणे, असे या कामाचे स्वरूप असते. वेगवेगळ्या पक्षांसाठी आणि काही अपक्षांसाठीही ते केले आहे, त्यामुळे मत कोणाला द्यावे हे मी येथे सांगणार नाही. ठरवावे कसे, एवढेच सांगेन. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हा प्रश्न नेहमी तत्त्वाचा म्हणून मांडला जातो, परंतु त्याचा मोठा भाग तुमच्या मतदारसंघातल्या आकड्यांचा असतो आणि तो आधी सोडवला, तर तत्त्वाचा म्हणून जो भाग उरतो तो पुष्कळच आटोपशीर असतो.

काकांच्या एका वाक्यात दोन आरोप आहेत आणि ते एकमेकांना छेद देतात. मत फुकट गेले असेल, तर त्याने निकालावर काहीच परिणाम केला नाही. आणि त्याने नको त्या माणसाला निवडून आणले असेल, तर ते फुकट गेले नाही, उलट पहिल्या दोघांना पडलेल्या कित्येक मतांपेक्षा त्याचे वजन जास्त भरले. यातला कोणता आरोप लागू पडतो हे पाहायचे, तर निकालाचा तक्ता उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

माहीममध्ये २०२४ ला शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे महेश सावंत यांना ५०,२१३ मते मिळाली, शिवसेनेचे सदा सरवणकर यांना ४८,८९७ आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अमित ठाकरे यांना ३३,०६२. पहिल्या दोघांतला फरक १,३१६ मतांचा, म्हणजे तिसऱ्याची मते त्या फरकाच्या पंचवीस पट होती. हा आकडा पाहिला की 'तिसऱ्याने निकाल फिरवला' असे कोणीही म्हणेल. परंतु हिशेब पुढे नेऊन पाहा. तिसरा उमेदवार नसता आणि त्याचे सगळेच्या सगळे मतदार उरलेल्या दोघांकडे गेले असते, तर निकाल उलटण्यासाठी त्यांपैकी किमान १७,१९० मतदारांनी, म्हणजे शंभरातील सुमारे बावन्न जणांनी, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मत द्यायला हवे होते. तसे झाले असते का? कोणी सांगू शकणार नाही, कारण त्यांतले काही घरीच बसले असते, काहींनी नोटाचे, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे, बटण दाबले असते, आणि उरलेले ज्या कारणासाठी तिसऱ्याकडे आले होते त्या कारणाच्या जवळचा पर्याय कोणता, याबद्दल त्यांचे आपसांतच एकमत नसते. मतमोजणीच्या दालनात मी हे नेहमी पाहतो की, तिसऱ्याने 'आमचीच मते खाल्ली' असे पहिल्याचे आणि दुसऱ्याचे कार्यकर्ते एकाच वेळी, तितक्याच खात्रीने सांगत असतात. मते खाल्ली असे म्हणताना ती मते मुळात आपल्या मालकीची होती हे गृहीत धरलेले असते, आणि वाद खरे तर तिथेच आहे.

माहीमचाच मागचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. २००९ मध्ये तेथे मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले, त्या वेळी काँग्रेसतर्फे लढलेले सदा सरवणकर दुसरे आले आणि शिवसेनेचे आदेश बांदेकर तिसरे. ज्या दादर-माहीम पट्ट्यात शिवसेना भवन आहे, तेथे शिवसेनेचा उमेदवार तिसरा आला आणि स्थापन होऊन जेमतेम साडेतीन वर्षे झालेला पक्ष पहिला. २०१४ आणि २०१९ या दोन्ही निवडणुकांत सरवणकर शिवसेनेकडून जिंकले आणि मनसे दुसरी राहिली. २०२४ मध्ये ती तिसरी झाली. म्हणजे एकाच मतदारसंघात पंधरा वर्षांत एक पक्ष पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या, अशा तिन्ही जागांवर राहून गेला. तिसरेपण हा उमेदवाराचा कायमचा गुण नसतो, ते त्या त्या निवडणुकीपुरते असते. आणि कोण तिसरा ठरणार याचा राज्यभरचा अंदाज तुमच्या मतदारसंघाला लागू पडेलच असे नाही. राज्यात लहान असलेला पक्ष तुमच्या भागात मोठा असू शकतो, आणि राज्यात सत्तेवर असलेला पक्ष तुमच्या भागात चौथाही असू शकतो.

आपल्याकडे सर्वाधिक मते मिळवणारा विजयी होतो, त्याला निम्म्याहून अधिक मते मिळण्याची अट नाही. माहीमच्या विजयी उमेदवाराची मते पहिल्या तिघांच्या बेरजेच्या ३८ टक्क्यांइतकीच होती. अशा पद्धतीत मतदार हळूहळू दोन मोठ्या पर्यायांभोवती गोळा होतात, असे मॉरिस दुव्हेर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५० च्या दशकात मांडले होते आणि ते साधारणपणे खरे आहे. परंतु कोणते दोन, हे प्रत्येक मतदारसंघ वेगळे ठरवतो.

तेव्हा पहिले पाहायचे ते हे की, तुमच्या मतदारसंघात पहिल्या दोघांतली लढत किती अटीतटीची आहे. २० मे २०२४ रोजी मुंबईत लोकसभेचे मतदान झाले, त्यात वायव्य मुंबईत शिवसेनेचे रवींद्र वायकर शिवसेना (उबाठा) चे अमोल कीर्तिकर यांच्यापेक्षा केवळ ४८ मतांनी पुढे राहिले. त्याच मतदारसंघात वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दहा हजारांच्या आसपास आणि नोटाला पंधरा हजारांहून अधिक मते पडली होती. त्याच दिवशी शेजारच्या उत्तर मुंबईत पीयूष गोयल साडेतीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. वायव्य मुंबईतल्या जोगेश्वरीचा मतदार आणि उत्तर मुंबईतल्या बोरिवलीचा मतदार, दोघेही एकाच शहरात एकाच दिवशी रांगेत उभे होते, दोघांनाही एखादा लहान पक्ष मनापासून आवडत होता असे धरू. तरी त्यांच्यापुढचा पेच सारखा नव्हता. बोरिवलीच्या मतदाराला निकालाची काळजी न करता हव्या त्या उमेदवाराला मत देण्याची मोकळीक होती, कारण तेथे जिंकणाऱ्याला दिलेले तीन लाखावे जादा मतही तितकेच 'फुकट' होते. जोगेश्वरीच्या मतदाराला ती मोकळीक नव्हती, आणि तसे त्याला आधी कळायला फारसा मार्गही नव्हता.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मागच्या निवडणुकीतले मताधिक्य हे पुढच्या वेळचे उत्तम अनुमान असले, तरी ती हमी नव्हे. याच उत्तर मुंबईत २००९ मध्ये काँग्रेसचे संजय निरुपम यांनी राम नाईक यांचा केवळ ५,७७९ मतांनी पराभव केला होता आणि २०१४ मध्ये गोपाळ शेट्टी यांनी निरुपम यांना चार लाखांहून अधिक मतांनी हरवले. वाहिन्यांवरचे कल राज्यभराचे किंवा फार तर विभागाचे असतात. त्यावरून एका विधानसभेचे मताधिक्य काढता येत नाही, आणि काढून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता २००९ च्या त्या लोकसभा निवडणुकीकडे जरा निवांत पाहू, कारण मतविभागणीचे उदाहरण म्हणून मुंबईत तीच अजून सांगितली जाते. ईशान्य मुंबईत राष्ट्रवादी काँग्रेसचे संजय दिना पाटील यांनी भाजपचे किरीट सोमय्या यांना २,९३३ मतांनी हरवले, आणि मनसेचे शिशिर शिंदे यांनी तेथे सुमारे एक लाख पंच्याण्णव हजार मते घेतली. मुंबईच्या सहाही जागा त्या वर्षी काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेल्या. मनसेचा मतदार तोवर प्रामुख्याने युतीबरोबर असलेल्या मराठी वस्त्यांतून आला होता, त्यामुळे तिसऱ्या उमेदवारामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले हे विधान माहीमपेक्षा येथे बरेच अधिक पटण्याजोगे आहे. एप्रिलमध्ये मनसेला मत देणाऱ्या आणि तरीही युती जिंकावी असे वाटणाऱ्या मतदाराला काकांचा दुसरा आरोप तेव्हा खरोखरच लागू होता.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. ईशान्य मुंबई लोकसभेच्या पोटातल्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी भांडुप पश्चिम, विक्रोळी आणि घाटकोपर पश्चिम हे तीन मनसेने जिंकले, आणि भांडुप पश्चिममधून जिंकणारे उमेदवार लोकसभेत तिसरे आलेले शिशिर शिंदेच होते. पक्षाला राज्यात १३ जागा मिळाल्या, त्यांपैकी सहा मुंबईतल्या. एप्रिलमधल्या हरलेल्या मतांनी ऑक्टोबरमधल्या मतदाराला एक गोष्ट दाखवून दिली होती की, या भागात या उमेदवाराला मत देणारे आपण एकटे नाही. तिसऱ्याला मत न देण्याचे सर्वांत मोठे कारण 'बाकीचे देणार नाहीत' हेच असते, आणि त्या समजुतीला धक्का देण्याचे काम निकालाच्या तक्त्याइतके दुसरे काहीही करत नाही. म्हणून मी हरलेल्या मताकडे पुढच्या निवडणुकीतल्या मतदारांना दिलेली माहिती म्हणून पाहतो. ती माहिती देण्याची किंमत या निवडणुकीत चुकवावी लागते, आणि ती किंमत परवडते का, एवढाच खरा प्रश्न असतो.

अर्थात हे सर्व तिसरा उमेदवार खरोखर तिसरा पर्याय असेल तरच. नाराजीतून उभा राहिलेला बंडखोर हा पुष्कळदा स्वतंत्र पर्याय नसून पक्षांतर्गत भांडणाचा उरलेला भाग असतो. वांद्रे पूर्वमध्ये २०१९ ला काँग्रेसचे झिशान सिद्दिकी ५,७९० मतांनी जिंकले, शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर हरले, आणि उमेदवारी नाकारली गेल्याने अपक्ष लढलेल्या शिवसेनेच्या तत्कालीन आमदार तृप्ती सावंत यांनी २४ हजारांवर मते घेतली. येथे बंडखोराला मत देणाऱ्याने आपण नवा पर्याय उभारत आहोत असे समजण्यापेक्षा आपण उमेदवारी वाटपाच्या निर्णयावर नापसंती नोंदवत आहोत, असे समजणे वस्तुस्थितीला अधिक धरून झाले असते. त्याहून खालचा प्रकार म्हणजे निव्वळ गोंधळ घालण्यासाठी उभा केलेला उमेदवार. रायगडमध्ये २०१४ ला सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, तेव्हा त्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मते पडली होती. मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र २०१५ पासून येऊ लागले. तरीही घाईत असलेल्या मतदाराने नाव, चिन्ह आणि छायाचित्र अशा तिन्ही गोष्टी पाहूनच बटण दाबावे.

खरा तिसरा ओळखायचा कसा, यासाठी माझ्या कामातले साधन मी तुम्हाला देतो. निवडणूक आयोगाचा 'फॉर्म २०' हा अंतिम निकालाचा तक्ता असतो आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ असते आणि प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना. शेवटी वैध मतांची बेरीज आणि नोटाचा आकडा. मतदार यादीतला तुमचा भाग क्रमांक शोधा, म्हणजे तुमच्या इमारतीची ओळ सापडेल. मग तिसऱ्याच्या रकान्यावरून नजर वरून खाली फिरवा. आकडे बहुतेक ओळींत थोड्याफार फरकाने सारखे असतील, तर त्याला सर्व थरांतून मत मिळाले आहे. पंधरा-वीस केंद्रांवर भरभरून मते आणि बाकी ठिकाणी दोन, शून्य, चार असे आकडे असतील, तर तो एका वस्तीचा किंवा एका समाजाचा उमेदवार आहे, आणि विधानसभेत त्याची वाढ तेवढ्यावर अडेल. मात्र महापालिकेच्या प्रभागात हाच उमेदवार जिंकू शकतो. आणि जिथे त्याची मते अधिक आहेत ती केंद्रे दोन निवडणुकांत बदलली असतील, तर मते संघटनेची नसून त्या वेळच्या वाऱ्याची होती असे समजावे. आणखी एक खूण मतदानाच्या दिवशी दिसते. केंद्रापासून दोनशे मीटरच्या बाहेर उमेदवारांना एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून मतदारांना स्लिपा देण्याची मुभा असते. ज्या उमेदवाराचे टेबल सकाळी मांडलेले आणि संध्याकाळपर्यंत माणसांसह टिकलेले दिसते, आणि आत ज्याचा पोलिंग एजंट अभिरूप मतदानाच्या, म्हणजे मतदान सुरू होण्याआधी यंत्राची चाचणी घेतात त्या, वेळेपासून बसलेला असतो, त्याच्याकडे संघटना आहे. भाषण गाजवणारे, पण निम्म्या बूथवर एजंट न मिळालेले कितीतरी उमेदवार मी पाहिले आहेत. त्यांना मिळालेली मते पाच वर्षांनी कोणाच्याच कामाला येत नाहीत.

हरलेल्या मतांचा कायद्याच्या दृष्टीनेही काही उपयोग असतो, परंतु तो किती हे नेमके माहीत असावे. विधानसभेच्या उमेदवाराला दहा हजार रुपये अनामत भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. माहीममध्ये पहिल्या तिघांच्या मतांची बेरीज १,३२,१७२ होते, तिचा सहावा भाग सुमारे बावीस हजार. ३३,०६२ मते घेणारा तिसरा त्याच्या बराच वर होता. वरळीत त्याच वेळी आदित्य ठाकरे यांना ६३,३२४, मिलिंद देवरा यांना ५४,५२३ आणि मनसेचे संदीप देशपांडे यांना १९,३६७ मते पडली. तिघांच्या बेरजेचा सहावा भागच २२,८६९ होतो, म्हणजे अनामत गेली. दहा हजार रुपये ही रक्कम आता कोणाला जड नसते, परंतु 'डिपॉझिट गेले' हे शब्द उमेदवाराच्या मागे पाच वर्षे लागतात आणि जागावाटपाच्या बोलणीत समोरचा पक्ष पहिल्यांदा तेच काढतो.

पक्षाच्या मान्यतेचा हिशेब मात्र राज्यभराचा असतो. राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळण्याचे काही ठरलेले मार्ग आहेत. त्यांतला एक सहा टक्के मते आणि दोन आमदार असा, दुसरा विधानसभेच्या तीन टक्के जागांचा, आणि तिसरा केवळ आठ टक्के मतांचा. मान्यता असली की राखीव चिन्ह मिळते, उमेदवारी अर्जावर दहाऐवजी एकच सूचक पुरतो, आणि आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ मिळतो. २००९ मध्ये मनसेने १३ जागांच्या बळावर ही अट सहज ओलांडली होती. २०२४ मध्ये तिला राज्यात १.५५ टक्के मते आणि शून्य जागा मिळाल्या. तुमचे एक मत या टक्केवारीत जमा होते हे खरे, पण केवळ 'पक्षाची मान्यता वाचावी' म्हणून मत देण्याइतके त्याचे वजन नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्यापेक्षा मोठा परिणाम मुद्द्यांवर होतो. दुकानांवरील मराठी पाट्यांचा आग्रह मनसेने २००८ च्या सुमारास आक्रमकपणे धरला. आंदोलनाच्या पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक करणारी कायदादुरुस्ती झाली ती २०२२ मध्ये, महाविकास आघाडी सरकारच्या काळात, जेव्हा मनसेचा विधानसभेत एकच आमदार होता. मुद्दा केवळ त्यांचाच नव्हता, परंतु मतदार एखाद्या मुद्द्यामागे लाखाने उभे राहतात असे दिसले की मोठे पक्ष तो मुद्दा उचलतात. अमेरिकेत १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना अध्यक्षपदासाठी सुमारे १९ टक्के मते मिळाली, अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या निवडकर्त्यांपैकी एकही मिळाला नाही, आणि तरीही अर्थसंकल्पी तुटीचा त्यांचा विषय नंतर दोन्ही मोठ्या पक्षांना टाळता आला नाही. त्याच देशात २००० साली फ्लोरिडा राज्याचा, आणि त्याबरोबर अध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांनी लागला तेव्हा तिसरे आलेले राल्फ नेडर यांना तेथे ९७ हजारांहून अधिक मते होती. दोन्ही उदाहरणे खरी आहेत, आणि वाद घालणारे आपापल्या सोयीचे एकच सांगतात.

तिसरा निवडून आला तर पुढे काय, हा प्रश्न मतदार क्वचितच विचारतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत मनसेचे सात नगरसेवक निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांतले सहा शिवसेनेत गेले. पक्षांतरबंदीच्या तरतुदींत दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाला संरक्षण आहे, आणि गट जितका लहान तितकी दोन तृतीयांशांची जुळणी सोपी. अपक्षाचे त्याहून वेगळे : तो निवडून आल्यावर एखाद्या पक्षात रीतसर सामील झाला तर अपात्र ठरतो, पण बाहेरून कोणालाही पाठिंबा देऊ शकतो. त्यामुळे मते मागायला आलेल्या लहान पक्षाच्या उमेदवाराला किंवा अपक्षाला उघड विचारावे की, सत्ता स्थापनेची वेळ आली तर तुम्ही कोणाबरोबर जाल. 'तेव्हाचे तेव्हा पाहू' असे उत्तर आले, तर आपण तिसऱ्याला मत देत आहोत की पहिल्या दोघांपैकी एकाला उशिराने, याचा विचार करावा. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्रही आयोगाच्या संकेतस्थळावर असते. गुन्हे आणि मालमत्ता यांची माहिती तेथे मिळते, आणि लहान पक्षाचा उमेदवार आपोआप स्वच्छ असतो ही समजूत ते वाचल्यावर टिकतेच असे नाही.

महापालिकेच्या निवडणुकीत मी तिसऱ्या पर्यायाबाबत अधिक उदार राहण्याचा सल्ला देतो. मुंबईत २२७ प्रभाग आहेत, प्रत्येकात एकच नगरसेवक, आणि मतदारांची संख्या इतकी मर्यादित की ओळखीचा, रोज उपलब्ध असणारा माणूस पक्षाविना जिंकू शकतो; २०१७ मध्ये पाच अपक्ष जिंकलेही होते. नाल्याची सफाई, पाण्याचा दाब आणि शाळेच्या दुरुस्तीसाठी राज्यात कोणाचे सरकार येते याची चिंता तितकी करावी लागत नाही. मात्र येथे एका मताची किंमतही सर्वाधिक असते. त्याच निवडणुकीत गिरगावच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना फेरमोजणीनंतरही समसमान मते पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लावावा लागला.

नोटाबद्दल थोडक्यात. विधानसभा-लोकसभेत नोटाला कितीही मते पडली तरी सर्वाधिक मतांचा उमेदवारच विजयी होतो. अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत नोटा १२,८०६ मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होता आणि त्याने काहीही बदलले नाही. अनामतीच्या हिशेबातही नोटाची मते धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नियम केला की नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर फेरनिवडणूक होईल. एरवी नोटापेक्षा एखादा बरा तिसरा उमेदवार केव्हाही अधिक उपयोगाचा.

आता तुमच्यापुरते. माहीम हा अटीतटीचा मतदारसंघ आहे हे गृहीत धरून चाला. आधी पहिल्या दोन संभाव्य उमेदवारांकडे पाहा आणि त्यांच्यापैकी कोण आला यामुळे तुम्हाला खरोखर फरक पडतो का, हे स्वतःशी ठरवा. पक्षाच्या नावावर नव्हे, तर त्यांनी विधानसभेत काय केले किंवा करणार आहेत यावर. फरक मोठा असेल, तर त्या दोघांतल्या एकाला मत देण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि तिसऱ्यासाठी तुम्ही मतदानाआधीच्या महिन्यांत काम करू शकता, वर्गणी देऊ शकता, त्याचा पोलिंग एजंट होऊ शकता; लहान पक्षाला बूथवर दिवसभर बसणारा एक माणूस एका मताहून कितीतरी मोलाचा असतो. फरक तुम्हाला दिसतच नसेल, तर तिसऱ्याला निःशंकपणे मत द्या. मग कोणी निवडून आल्याचा दोष तुमच्याकडे येत नाही, कारण त्या दोघांत तुमची पसंती नव्हतीच. हा निर्णय उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यानंतरच करावा. जागावाटपाची जुळणी दर वेळी बदलते, आणि मागच्या वेळचा तिसरा पुढच्या वेळी कोणाचा मित्रपक्ष असेल किंवा रिंगणातच नसेल, हे मुंबईत कोणी आधी सांगू शकत नाही.

हा पेच ज्या निवडणुकीत मुळातच उद्भवत नाही, अशी एक निवडणूक मुंबईत होते आणि तुम्ही पदवीधर असाल तर तीत भाग घेऊ शकता. विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणीच निम्म्याच्या पुढे गेला नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. त्यामुळे आवडत्या लहान उमेदवाराला १ लिहून, चालू शकेल अशा मोठ्या उमेदवाराला २ लिहिता येतो. शिक्षक मतदारसंघातून कपिल पाटील २००६ पासून सलग तीन वेळा निवडून आले ते याच पद्धतीने, राज्यातल्या कोणत्याही मोठ्या पक्षाच्या तिकिटावर न लढता. पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवण्यासाठी पदवी मिळून पात्रता दिनांकापर्यंत किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि 'नमुना १८' भरावा लागतो. ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या यादीत नाव असले तरी अर्ज पुन्हा करावा लागतो.